टपावरचा उंबरा

मी घोरतो, ही गोष्ट मी सोडून आमच्या घरात सगळ्यांना मान्य आहे.

माझं म्हणणं एवढंच, की मी जरा मोकळ्या मनाने श्वास घेतो. पण बहुमतापुढे कुणाचं काय चालतंय? महाडच्या ब्लॉकमध्ये आम्ही तिघंच: मी, बायको सुनीता आणि मुलगी मनवा. तिथे दारं लावून घेता येतात. खरी पंचाईत होते ती गावाला. पोलादपूर सोडून आंबेनळीच्या रस्त्याला लागलं आणि मध्येच डावीकडे वळलं, की डोंगराच्या पोटाशी आमची वाडी आहे. घरात वर्षभर दादा आणि वहिनी दोघंच असतात. शिमग्याला मात्र मुंबईहून चुलत, आते, मावस असे सगळे येऊन उतरतात आणि तीन खोल्यांत पाय ठेवायला जागा राहत नाही.

या गर्दीत माझी झोपायची जागा दरवर्षी एकेक पायरी खाली येत गेली. आधी माजघर, मग पडवी, मग ओटा. गेल्या शिमग्याला मला गोठ्याच्या कडेला बाज टाकून दिली. रात्र छान गेली (माझी). सकाळी वहिनी रिकामी चरवी घेऊन बाहेर आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, की म्हशीने आज पान्हा चोरला. पुढचं बोलायची गरजच नव्हती, कारण म्हशीसकट सगळे माझ्याकडेच बघत होते.

माणसाने एकवेळ माणसांचं ऐकून घ्यावं, पण म्हशीचं? त्याच दिवशी मी ठरवलं, की पुढच्या शिमग्याला आपली झोपायची सोय आपण घेऊन यायची. आणि मोबाइलवर मला तो तंबू दिसला. गाडीच्या टपावर बसतो, घडी उलगडली की दुसऱ्या मजल्याची खोली होते, चढायला शिडी, खाली विंचूकाट्याची भीती नाही, वर चांदणं. व्हिडिओत एक गोरं जोडपं बर्फात तंबू लावून कॉफी पीत होतं. नवरा घोरत असावा असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटत होतं. पण बायको हसत होती!

मी एमआयडीसीतल्या औषधांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो, त्यामुळे अभ्यासाशिवाय वस्तू घेणं माझ्या रक्तात नाही. महिनोन् महिने मी अभ्यास केला. कडक पेटीचा तंबू की कापडी? उघडल्यावर मागे पडणारा की बाजूला? जेवताना मी काकडीच्या फोडी टपाच्या जागी ठेवून सुनीताला समजावत असे, की गाडी चालताना टपाला पेलतं ते वजन वेगळं, आणि गाडी उभी असताना पेलतं ते वेगळं. उभ्या गाडीला पुष्कळ जास्त चालतं. तिने एकदा फोडींकडे पाहिलं, एकदा माझ्या पोटाकडे पाहिलं आणि विचारलं, "पुष्कळ म्हणजे किती?"

पुण्याच्या दुकानातला मुलगा फार अदबीने बोलला. सर, लडाखला की स्पितीला? मी म्हटलं, पोलादपूरला. त्याने विचारलं, तिथली उंची किती आहे सर? शेवटी मी बाजूला उलगडणारा कापडी तंबू घेतला. गाडीवर आडव्या दांड्या बसवल्या आणि त्यावर तो आवळून घेतला. वर एक छोटीशी गॅसची शेगडी फुकट मिळाली. फुकटच्या वस्तूसारखी महाग वस्तू दुनियेत नाही, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी शाळेत असतानाच वडील गेले. दादाने शाळा सोडून नांगर धरला आणि मला महाडला कॉलेजात घातलं. तेव्हा नवी नवरी असलेल्या वहिनीने माझ्या डब्याची भाकरी पहाटे उठून थापली आहे. आमच्या वाडीत बहुतेक घरांतले भाऊ आता वेगळे झालेत. एका अंगणात दोन कुंपणं आलीत. आमची चूल मात्र एक. मी राहतो महाडला, पण वाडीच्या लेखी आमचा उंबरा एक, शिमग्याला देवापुढे ठेवायचा नारळ एक, आणि गावदेवीची पालखी थांबते तीही एकाच दारात. कुणाच्या घरी वाटणीवरून तंटा झाला, की बैठकीत लोक आमच्या घराचा दाखला देतात. तेव्हा दादा तंबाखू मळायचा थांबतो. त्याच्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे हे मला माहीत आहे. मला त्याच्याविषयी काय वाटतं हेही मला माहीत आहे. पण भावाभावांनी असलं तोंडाने बोलायची आमच्याकडे पद्धत नाही, आणि सगळा घोळ तिथेच झाला.

पालखीच्या दिवशी सकाळी आम्ही महाडहून निघालो. हायवेवर कारखान्याच्या बसमधून पहिल्या पाळीची माणसं खिडक्यांतून वाकून बघत होती. पोलादपूरला पेट्रोल भरताना एकाने विचारलं, गाद्यांचा धंदा कधी सुरू केलात? दुसऱ्याने टपाकडे बघून हात जोडले. वर देव असावा असं त्याला वाटलं. मीही त्याला हात जोडले. शिमग्याचे दिवस, कशाला कुणाचा भाव मोडा!

वाडीच्या तोंडाशी पोरांनी रस्त्यावर आडव्या पताका बांधल्या होत्या. गाडीची उंची वाढल्याचं मी विसरलो. एक दोरी अडकली, तिने दुसरी ओढली, आणि आम्ही अंगणात शिरलो तेव्हा आमच्या मागे अख्ख्या वाडीच्या पताका फरफटत येत होत्या. त्यांच्यामागे ओरडत पोरं. असा थाटाचा गृहप्रवेश आमच्या लग्नातही झाला नव्हता.

दादा घरी नव्हता. तो पालखीचा भोई, सकाळपासून खालच्या वाडीत पालखीबरोबर होता. मुंबईकर पाहुणे अंघोळीच्या रांगेत होते. तंबूला सपाट जागा लागते आणि डोंगरात सपाट म्हणजे एकच, आमचं खळं. घराच्या दारासमोर, बरोबर मध्यावर. तिथे गाडी लावून मी घडी उलगडली. दांड्या ताणल्या. शिडी लावली. शेवटची दांडी लावताना ती सुटून माझ्या कपाळावर बसली, एवढं सोडलं तर सगळं व्हिडिओत दाखवल्याप्रमाणे झालं.

मग घरच्यांचा उत्साह सुरू झाला. नव्या वस्तूला कुंकू लावल्याशिवाय सुनीता साधा मिक्सरही वापरत नाही. तिने शिडीच्या पहिल्या पायरीवर हळदकुंकू वाहिलं, स्वस्तिक काढलं आणि परसातल्या आंब्याचे टाळे, म्हणजे पानांच्या डहाळ्या, तोडून तंबूच्या तोंडाला तोरण बांधलं. मनवाने पुठ्ठ्यावर रंगीत अक्षरांत आमची तिघांची नावं लिहून पाटी लटकवली. मी पायपुसणं अंथरलं. आणि आत वहिनी एवढ्या माणसांच्या पोळ्यांत गुंतलेली, तिला चहाचा त्रास कशाला, म्हणून सुनीताने ती फुकटची शेगडी गाडीच्या सावलीत मांडली आणि तिघांपुरतं आधण ठेवलं.

कुणाला त्रास नको, या एका विचारापायी मराठी घरांत जेवढे गोंधळ झालेत तेवढे वैरापायीही झाले नसतील.

वहिनी पीठ माखलेल्या हातांनी दारात आली. तिने तोरण पाहिलं, स्वस्तिक पाहिलं, पाटी पाहिली. मग तिची नजर शेगडीवर येऊन थांबली.

"चहा तिकडं केलास गो?" तिने विचारलं.

"हो ताई, म्हटलं तुम्हाला कशाला," सुनीता म्हणाली.

वहिनी आत गेली. पोळी लाटायचा आवाज बंद झाला. चहाला उकळी यायच्या आत समोरच्या घरातली काकू पाणी भरायच्या निमित्ताने येऊन बघून गेली, तिची सून येऊन बघून गेली, आणि पाण्याशी काही संबंध नसलेली चार माणसंही येऊन बघून गेली. मला वाटलं, तंबू लोकांना फारच आवडला. मी प्रत्येकाला उभ्या गाडीचं आणि चालत्या गाडीचं वजन समजावून सांगितलं.

दुपारी दादा आला. अंगावर गुलाल, खांद्याला पालखीच्या दांड्याचा वळ. तो खळ्याच्या कडेला थांबला आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. मी वरून ओरडून विचारलं, कसा आहे?

"जिना पण हाय," तो म्हणाला.

"हो! घडीचा आहे."

"बरा हाय." आणि तो मान खाली घालून घरात गेला.

आमच्या घरी जेवायला कुणी कुणाला हाक मारत नाही. पानं मांडल्याचा आवाज आला की माणसं आपोआप येतात. त्या दिवशी पानं मांडल्याचा आवाज आला, आम्ही उतरून पडवीत गेलो, तर पंगत बसलेली आणि आमची तीन पानं नाहीत. कुणी वर बघेना. मला वाटलं, दुसरी पंगत असेल. आम्ही परत वर जाऊन बसलो. वाऱ्यावर कटाच्या आमटीचा वास येत होता. दुसरी पंगत झाली. मग भांडी घासल्याचा आवाज आला! आम्ही तिघांनी मनवाच्या दप्तरातला एक बिस्किटाचा पुडा निमूटपणे संपवला. सुनीताला तेव्हाच काहीतरी खटकलं होतं. मी म्हटलं, गर्दीत राहून गेलं असेल, उगाच मनाला लावून घेऊ नकोस.

उन्हं कलली तेव्हा बाबूकाका आले. हे आमच्या वाडीचे गावकर, म्हणजे पालखी कुठे किती थांबायची हे यांच्या शब्दाने ठरतं. त्यांनी तंबूभोवती एक फेरी मारली आणि घसा साफ केला.

"इलास, देवी हिथं पण थांबवायची ना?"

मला काय वाटावं? नवी वस्तू आहे, देवी दारात येतेय, तिची दृष्ट पडली तर चांगलंच. मी म्हटलं, थांबवा की काका, विचारताय काय! ते क्षणभर घोटाळले. मग म्हणाले, की नारळ मात्र ठेवावा लागेल. सुनीताने पूजेला आणलेला नारळ होताच. मी तो दोन्ही हातांनी त्यांच्या झोळीत घातला आणि वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण आशीर्वाद काही तोंडातून फुटला नाही. जाताना ते धोतराने डोळे पुसत होते. म्हातारपणी पाणी येतं डोळ्यांतून, मी मनवाला म्हटलं.

थोड्याच वेळात वहिनी बाहेर आली. हातात तांब्याची कळशी. ती शिडीखाली ठेवून आत गेली. परत आली, या खेपेला पितळेची परात घेऊन. मग कोठीतले तांदूळ भरलेलं एक गाठोडं, मग पोळपाट. घरात पोळपाट दोन होते, त्यातला हा बरा. मला अगदी भरून आलं. आपल्या नव्या खोलीसाठी वहिनीने किती मनाने आहेर काढला!

"वहिनी, एवढं कशाला?" मी वरून म्हणालो.

"जे हाय ते हाय," ती म्हणाली. "मागनं बोल नको." आणि तोंडाला पदर लावून ती आत पळाली.

सुनीताने माझं मनगट धरलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "अहो," ती म्हणाली, "हा आहेर नाहीये. त्या वाटणी करतायत."

मग माझ्या डोक्यात एकेक दिवा लागत गेला. वेगळी पाटी. वेगळं तोरण. वेगळी चूल, तीही देवीच्या दिवशी आणि दाराच्या समोर! आणि वर मी स्वतःच्या हाताने दुसऱ्या उंबऱ्याचा नारळ गावकराच्या झोळीत घातला होता. ज्या माणसाने माझ्यासाठी शाळा सोडली, त्याच्या खळ्यात भर शिमग्याला मी वाजतगाजत, मागे पताका लावून वेगळा निघालो होतो.

मी शिडीवरून धावत उतरलो. शिडीवरून धावत उतरू नये असं त्या व्हिडिओतही सांगितलं होतं. तोरण गळ्यात आलं, पायरी सुटली आणि माझा उजवा पाय थेट खालच्या कळशीत गेला. तोही असा, की घोटा आत आणि टाच अडकलेली. काढायला वेळ नव्हता. मी तसाच निघालो, ठण्ण, ठण्ण करत. गळ्यात आंब्याचे टाळे, पायात कळशी. पडवीतले मुंबईकर दोन्ही बाजूंना सरले आणि मी दादापुढे जाऊन उभा राहिलो. तो खांबाला टेकून बसला होता. हातात तंबाखू तशीच, न मळलेली.

"दादा, मी वेगळा नाही झालो रे."

दादाने आधी कळशीकडे पाहिलं. "मग ते भायेर काय हाय?"

"झोपायची खोली आहे."

"घरात जागा नाय तुला?"

"जागा आहे. पण..." मी सगळीकडे पाहिलं. अख्खं खानदान माझ्या तोंडाकडे बघत होतं. "मी घोरतो ना."

इतकी वर्षं मी जे कबूल केलं नव्हतं ते आज पायात कळशी घालून जाहीर केलं होतं. आणि एकदा तोंड उघडलंच होतं, तर राहिलेलंही बाहेर पडलं. मी म्हटलं, दादा, तुझ्यापासून वेगळं व्हायचं माझ्या स्वप्नातही येणार नाही. तू आहेस म्हणून मी आहे. बोलता बोलता मी एक पाऊल पुढे टाकलं आणि पुन्हा ठण्ण वाजलं.

दादाच्या ओठांचा कोपरा हलला. मग तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याने खांद्यावरच्या टॉवेलने डोळे पुसले.

"येड्या," तो म्हणाला, "वर्षभर हे घर मुकं असतं. शिमग्याला तू घोरतोस तेव्हा मला वाटतं, घर भरलं."

"म्हशीला पण विचारा एकदा," वहिनी दारातून म्हणाली. नाक अजून लाल होतं, पण आवाज नेहमीचा होता.

कळशी काढायला खोबरेल तेल, दोन मुंबईकर आणि पुष्कळ सूचना लागल्या. तोवर ढोल जवळ आला होता. आता नवाच पेच. देवीच्या झोळीत गेलेला नारळ परत मागता येत नाही. बाबूकाकांनी डोकं धरलं. त्यांच्या मते दोन नारळ म्हणजे दोन उंबरे, आणि दोन उंबरे म्हणजे दोन घरं. देवीला काय तोंड दाखवायचं? सगळी वाडी खळ्यात जमून आपापलं मत देऊ लागली. शेवटी दादा उठला.

"थांबू दे दोन ठिकाणी," तो म्हणाला. "घरातल्या उंबऱ्यावर इलास नि सुनीता ओवाळतील. त्या तंबूवर मी नि ही. मग कोण वेगळं, ते देवीनं सांगावं."

बाबूकाकांनी विचार केला, मान डोलावली, आणि या वेळी त्यांच्या तोंडून आशीर्वाद नीट फुटला. आम्ही दोघांनी जुन्या दारात देवीला ओवाळलं. माझ्या वडिलांनंतर त्या उंबऱ्यावर आरतीचं ताट फक्त दादाने धरलं होतं. मग पालखी खळ्यात नाचत गाडीपाशी आली. दादा शिडीवर चढला, त्याच्यामागे पदर खोचून वहिनी चढली. टपावरून त्यांनी ओवाळलं आणि गुलाल वरून खाली उडाला. गाडी उभी असल्याने वजनाची काही अडचण आली नाही, हे मी आजूबाजूच्यांना सांगितलं.

आरती झाली, पालखी पुढच्या घरी गेली, दादा उतरला. वहिनी उतरेना. ती गादीवर आडवी झाली होती. तिने खिडकीची जाळी उघडून पाहिली, लावून पाहिली. म्हणाली, हवा चांगली लागते, मच्छर नाय, नि हाक मारलेली ऐकू येत नाय. लग्न होऊन आल्यापासून शिमग्यात पाठ टेकायला मिळाली ती आज. मी आज हिथंच निजणार. दादा म्हणाला, मग मी काय एकटा घरात राहू? तोही वर गेला. सुनीताने आत जाऊन पोळ्या लाटायला घेतल्या आणि आमची राहिलेली जेवणं मग जरा चापूनच झाली.

दादाची माजघरातली जागा मला मिळाली. चार वर्षांनी मी पुन्हा माजघरात! दादाचे शब्द कानात होते, पोट भरलेलं होतं, मनावर कसलंही ओझं नव्हतं. मी घर अगदी मनापासून भरलं.

सकाळी जाग आली तेव्हा उन्हं कौलांतून खाली आली होती. बाजूला सुनीता नव्हती. मनवा नव्हती. माजघर, पडवी, ओटा सगळं रिकामं, नुसत्या चुरगळलेल्या चादरी. मी दारात आलो. खळ्यात, तंबूच्या सावलीत, गाडीच्या सीटांवर, बॉनेटला टेकून, अख्खं खानदान पांघरुणं गुंडाळून बसलेलं होतं. पाटीवर मनवाने रंगीत खडूने सगळ्यांची नावं दाटीवाटीने बसवली होती. फक्त माझं खोडलेलं होतं. मध्यभागी ती फुकटची शेगडी, तिच्यावर घरातलं सगळ्यांत मोठं पातेलं, आणि पातेल्यापाशी वहिनी.

मी वेगळा निघालो नव्हतो. बाकीचं अख्खं घर माझ्यापासून वेगळं निघालं होतं!

मी उंबऱ्यावर उभा राहिलो, घसा साफ केला आणि विचारलं, "वहिनी, चहा तिकडं केलास?"